शिधा, शिसं आणि लहान मुलांचं पोट

नाशिकमध्ये एखाद्या मंडळाची किंवा सोसायटीची शिध्याची पिशवी उघडली, तर आत काय निघेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तांदूळ, आटा, साखर, तेल, तूरडाळ, चहापत्ती, आणि वर लहान मुलांसाठी म्हणून ग्लुकोज बिस्किटांचे पुडे. देणाऱ्याचा हात मोकळा असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य आधीच मिळतं. शिधा वाटणाऱ्या धान्य बँकेनेही पुन्हा तांदूळ-गहूच दिले तर पोट भरतं, पण त्या घरात शिसं हा विषारी धातू धुळीतून किंवा रंगातून येत असेल तर तिथल्या दोन-तीन वर्षांच्या पोराला त्या पिशवीतून फारसा आडोसा मिळत नाही.

आडोसा हा शब्द मुद्दाम वापरलाय. कुठलंही अन्न शरीरातलं शिसं 'धुऊन' काढत नाही. कोथिंबिरीच्या रसाने किंवा लसणाने शिसं बाहेर पडतं असं सांगणारे व्हॉट्सॲपवर पुष्कळ भेटतील, त्यांच्या नादी लागू नये. अन्न फक्त एवढंच करतं, की पोटात गेलेल्या शिशापैकी कमी शिसं रक्तात जातं.

आतड्याला शिसं शिसं म्हणून ओळखता येत नाही. कॅल्शियम आणि लोह आत घेणाऱ्या वाटांनीच ते आत शिरतं. शरीरात लोह कमी पडलं की आतडं लोह ओढून घेणारी वाहक प्रथिनं वाढवतं, आणि तेच वाहक शिसंही आत नेतात. म्हणजे पंडुरोगी, फिकट पडलेलं मूल तीच धूळ चाटून धडधाकट मुलापेक्षा जास्त शिसं घेतं. त्यात वयाचा फरक मोठा. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात जातो, लहान मुलात तो ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. पोट रिकामं असेल तर आणखी जास्त. सकाळी चहात बुडवलेलं एक बिस्कीट आणि मग थेट दुपारी दीड वाजता जेवण, ही शिशाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट वेळापत्रकाची सकाळ. चहातले टॅनिन उरलंसुरलं लोहही अडवतात. दर तीन-चार तासांनी पोटात काहीतरी खरं अन्न हवं.

रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येऊ शकतं, पण हाडात बसलेलं वीस-तीस वर्षं राहतं. गरोदरपणात आईला कॅल्शियम कमी पडलं की हाडातून कॅल्शियम निघतं, त्याबरोबर लहानपणी साठलेलं शिसंही निघतं आणि बाळापर्यंत पोचतं. म्हणून शिध्याच्या यादीत सहा वर्षांखालच्या मुलांबरोबर गरोदर बाईचं नाव पहिलं असावं.

आता शिसं येतं कुठून? पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली गेलं. घरगुती रंगात १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आहे, पण त्याआधीचे रंग जुन्या वाड्यांच्या दारं-खिडक्यांवर थरावर थर बसलेले आहेत. ते घासले की भुकटी उडते. बॅटरी दुरुस्ती, भंगार, रेडिएटरचं डाग-काम करणाऱ्या माणसाच्या कपड्यांवरून शिसं घरी येतं. काही सुरम्यात शिशाचं खनिज असतं. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइडच. आयुर्वेदात शिशाला 'नाग' म्हणतात, त्याचं नागभस्म होतं. (गंमत म्हणजे शिशापासून आडोसा देणाऱ्या धान्याला, म्हणजे नाचणीला, आपण नागली म्हणतो, आणि शिसपेन्सिलीत शिसं अजिबात नसतं.)

धान्य बँक चालवणाऱ्यांनी आधी एक कडू गोष्ट मान्य करावी: निष्काळजीपणे चालवलेली धान्य बँक स्वतःच शिशाचा रस्ता होऊ शकते. सगळ्यात वर हळद. पिवळा रंग खुलावा म्हणून हळदीवर लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळण्याचा प्रकार उपखंडात सापडलेला आहे. बांगलादेशात २०१९ साली हा प्रकार उघड झाल्यावर बाजारात तपासणी आणि दंड सुरू झाले, आणि २०२१ पर्यंत तिथल्या बाजारातल्या नमुन्यांत तो दिसेनासा झाला. म्हणजे इलाज आहे. अनेकांना वाटतं की अख्खी हळकुंडं घेतली की प्रश्न मिटला. तसं नाही, कारण हा रंग चोळतात तो हळकुंडांवरच, पॉलिश करताना. फार चकचकीत, एकसारखी पिवळीधमक हळकुंडं नकोत. मळकट, साल दिसणारी बरी. काचेच्या पेल्यात पाण्यात एक हळकुंड टाकावं. लगेच भडक पिवळा रंग सुटला तर ते बाजूला ठेवावं. मात्र रंग सुटला नाही म्हणून हळद शुद्ध ठरली असं नाही, खरा निकाल प्रयोगशाळाच देते. सुटी हळद, सुटं तिखट, सुटा मसाला दानात घेऊ नये. परवाना क्रमांक छापलेलं सीलबंद पाकीटच घ्यावं. देणाऱ्याला वाईट वाटतं, वाटू द्यावं.

मग भांडी. दानात जुनी भांडी येतातच. भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त ॲल्युमिनिअमच्या पातेल्यांत शिसं असू शकतं, आणि चिंच, टोमॅटो, कोकम, ताक अशा आंबट पदार्थात ते उतरतं. शिजवायला आणि साठवायला स्टेनलेस स्टील हाच सरळ मार्ग. नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेची परंपरा आहे आणि घराघरांत पितळी पातेली आहेत, ती फेकून द्या असं कुणी म्हणणार नाही. पण कल्हई कशाने करताय ते विचारायलाच हवं. कल्हई शुद्ध कथलाची हवी. शिसं कथलापेक्षा खूप स्वस्त, म्हणून भेसळीचा मोह असतो. कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की करकर आवाज येतो. शिसं बरंच मिसळलेली कांडी मुकाट्याने वाकते आणि कागदावर ओढली तर करडी रेघ उमटते. ही खूण आहे, पुरावा नाही. शंका असेल तर त्या भांड्यात चिंचेची आमटी करू नये आणि रात्रभर काही ठेवू नये.

रंगाच्या रिकाम्या बादल्या धान्याला वापरायची सवय फार पसरलेली आहे. वीस लिटरची बादली, घट्ट झाकण, फुकट. ती नको. वर्तमानपत्राच्या पुड्या नकोत, शाईत शिसं असू शकतं, आणि चिवडा किंवा लाडू असे तेलकट पदार्थ ती शाई ओढून घेतात. ज्या कपाटाचा रंग पोपडे धरतोय त्यात धान्य ठेवू नये. खोली कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण झाडूने धूळ उडून पुन्हा धान्यावरच बसते. नाव-पत्ता नसलेल्या कॅल्शियमच्या पुड्या आणि भस्मं कुणी कितीही प्रेमाने दिली तरी परत करावीत.

पाण्याचं थोडक्यात: सकाळी नळ सुरू केल्यावर पहिलं, रात्रभर तुंबलेलं पाणी वापरायला घ्यावं, प्यायला नाही. उकळल्याने शिसं जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं.

आता पिशवीत काय हवं. ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११ मिलिग्रॅम लोह हवं. १ ते ३ वर्षांच्या मुलाला ५०० आणि ८. हे आकडे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीतले. तांदळात कॅल्शियम जवळजवळ नाहीच, म्हणून रोजचा हिशोब असा लावावा. नागलीचं पीठ ३० ग्रॅम, त्यातून कॅल्शियम सुमारे ११० मिलिग्रॅम. तीळ १० ग्रॅम, सुमारे १३०. स्निग्धांश काढलेली दूध पावडर १५ ग्रॅम, सुमारे १८०. मटकी किंवा हुलगे ३० ग्रॅम, ४५ ते ८०. मेथीची पालेभाजी ५० ग्रॅम, सुमारे १३५. बेरीज सहाशेच्या आसपास जाते. लोहासाठी मटकी-हुलग्यातून अडीच, पालेभाजीतून दोनाच्या वर, नागली आणि तिळातून मिळून जवळपास तीन, आणि बाजरीची एक छोटी भाकरी, म्हणजे साठ ग्रॅम पीठ, त्यातून पावणेचार. अकराच्या आसपास येतं. वनस्पतीतलं लोह शरीराला कमी लागू पडतं, म्हणून जोडीला क जीवनसत्त्व हवंच, नाहीतर ही बेरीज कागदावरच राहते.

महिन्याला एका मुलामागे म्हणजे नागली १ किलो, तीळ ३०० ग्रॅम, दूध पावडर ४५० ग्रॅम, मटकी-हुलगे-हरभरे मिळून १ किलो, शेंगदाणे आणि गूळ प्रत्येकी अर्धा किलो. अंडी खाणारं घर असेल तर अंडी. सुकट-जवळा खाणारं असेल तर तोही थोडा, कॅल्शियम भरपूर असतं. हे विचारूनच द्यावं, गृहीत धरू नये.

हा हिशोब तीन ठिकाणी फसतो. पहिलं, घर पाच माणसांचं असतं आणि मुलाच्या नावाने दिलेली नागली सगळ्यांच्या डब्यात जाते. त्यात गैर काही नाही, आई पोराला वेगळं आणि सासूला वेगळं वाढणार नाही. म्हणून मूल एक असलं तरी नागली आणि तीळ दुप्पट द्यावेत. दुसरं, दूध पावडर. ती चहात जाते. हमखास. पाच माणसांचा दोन वेळचा चहा, चार दिवसांत पुडा संपतो. तिसरं, तीळ अख्खेच दिले तर मुलाच्या पोटातून जसेच्या तसे बाहेर पडतात. ते भाजून कुटायला हवेत, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला तेवढी उसंत नसते.

यातल्या पहिल्या दोहोंवर एकच तोड बऱ्यापैकी चालते: नागली आणि दूध पावडर आधीच मिसळून द्यायची. नागली निवडून, तीन पाण्यांनी धुऊन ८ ते १२ तास भिजत घालायची. पाणी काढून ओल्या सुती कापडात बांधून २४ ते ३६ तास ठेवायची, मध्ये दोनदा पाणी शिंपडायचं. बारीक पांढरे मोड दिसले की सावलीत पसरून पूर्ण वाळवायची, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजायची, गार झाल्यावर दळायची. मोड आणल्याने फायटेट, म्हणजे धान्यातलं कॅल्शियम-लोह अडवणारं द्रव्य, कमी होतं आणि कॅल्शियम-लोह जास्त लागू पडतं. दोन भाग हे सत्व आणि एक भाग दूध पावडर, म्हणजे ३० ग्रॅमला १५ ग्रॅम. ४५ ग्रॅम मिश्रण २०० मिलिलिटर गार पाण्यात आधी कालवायचं, मग आचेवर सतत ढवळत पाच-सहा मिनिटं शिजवायचं. थेट गरम पाण्यात टाकलं तर गोळे होतात. गूळ उतरवल्यावर घालायचा, उकळताना घातला तर दूध फाटतं. मिश्रणातच गूळ मिसळून ठेवण्याचा मोह टाळावा, पावसाळ्यात आठवड्यात दगड होतो. एक किलो मिश्रण एका मुलाला बावीस दिवस पुरतं. आणि हे कुणी चहात घालत नाही.

मोड आणताना जे बिघडतं ते वाळवताना. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकला तीन-तीन दिवस ऊन पडत नाही, आणि अर्धवट वाळलेली नागली दळली की पिठाला आंबूस वास आणि मग बुरशी. पावसाळ्यात मोड आणायच्या भानगडीत पडू नये, नुसती भाजून दळावी. फायटेटचा थोडा तोटा सोसावा.

तिळाचे लाडू किंवा चटणी करूनच द्यावी. लाडवाला भाजलेलं नागलीपीठ ४०० ग्रॅम, कुटलेले तीळ १५०, शेंगदाण्याचं कूट १५०, गूळ २५०, तूप ५० ग्रॅम. २५ ग्रॅमचे चाळीस लाडू होतात, प्रत्येकात साधारण ९० मिलिग्रॅम कॅल्शियम. गूळ फक्त विरघळू द्यायचा. पाक कडक झाला तर लाडू दातांनी फुटत नाहीत आणि मुलं खिशात घेऊन फिरतात, मग धुळीचे हात आणि लाडू एकत्रच तोंडात. पीठ कच्चं राहिलं तर घशाला चिकटतं. स्टीलच्या डब्यात बारा-पंधरा दिवस टिकतात. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे कधीच नकोत, श्वासनलिकेत अडकतात. खवट किंवा काळपट शेंगदाणा एक जरी दिसला तरी निवडून फेकावा, त्या बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही.

वेळेचंही पाहावं. दुधाचं कॅल्शियम लोहाच्या आड येतं, म्हणून नागली-दुधाची पेज सकाळी आणि मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, पालेभाजी, त्यावर लिंबू असं दुपारी. लिंबू उतरवल्यावर पिळायचं. द्राक्षं नाशिकची शान असली तरी क जीवनसत्त्वासाठी कामाची नाहीत. पेरू आणि आवळा त्यांच्या कितीतरी पुढे. उन्हाळ्यात लिंबू महागलं की कैरी. टोमॅटो पिंपळगाव बसवंतच्या बाजारात भाव पडला की क्रेटने मिळतो, तेव्हा मागून घ्यावा. पालकात लोह-कॅल्शियम दिसतं, पण ऑक्झलेटमुळे त्याचं कॅल्शियम फारसं मिळत नाही. तांदुळजा-राजगिऱ्याचंही तेच. त्याऐवजी मेथी, शेवग्याचा पाला. पालेभाजी महामार्गालगतच्या वाफ्यातली असो वा नसो, मोठ्या पातेल्यात तीनदा बुडवून धुवावी. नळाखाली जुडी धरल्याने पानांमधली माती जात नाही.

फोर्टिफाइड, म्हणजे लोह मिसळलेला, तांदूळ मिळत असेल तर त्यात किलोला २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असतं. त्यातले वेगळे दिसणारे दाणे 'प्लास्टिकचे' म्हणून बायका निवडून टाकतात. तेच तर लोहाचे दाणे. जास्त पाण्यात शिजवून पेज ओतून देऊ नये.

लोहाच्या गोळ्या आणि सिरप धान्य बँकेने वाटू नयेत. जास्त डोस लहान मुलाच्या जिवावर बेततो. ते काम आशाताई आणि अंगणवाडीचं, जंताच्या गोळीसकट. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाचं औषध नाहीच, आणि पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबं यादीत असतील तर हे आवर्जून विचारावं.

नागलीची खरेदी सुगीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या शेतकऱ्यांकडून वर्षाची एकदम करावी. अख्खी नागली टिकते, पीठ महिनाभराच्या वर नको. तीळ संक्रांतीला मागावेत. जानेवारीत लोक तिळासाठी नाही म्हणत नाहीत, मात्र हलवा आणि रंगीत तिळगूळ नको, कोरडे तीळच हवेत असं पाटीवर स्पष्ट लिहावं. कडधान्याला कडुलिंबाचा पाला आणि कडक ऊन पुरतं. पारा असलेल्या टिकड्या आणि ॲल्युमिनिअम फॉस्फाईडच्या गोळ्या धान्य बँकेच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नयेत. एक विष टाळायला दुसरं आणण्यात काय शहाणपण?

नाव नोंदवताना चार प्रश्न विचारावेत: घरात बॅटरी, भंगार, रंगकाम, कल्हई किंवा सोनारकाम कुणी करतं का, भिंतीचे पोपडे मूल तोंडात घालतं का, बाळाला सुरमा किंवा घरगुती भस्म देता का, मूल माती खातं का. एकालाही 'हो' आलं तर कामाचे कपडे दाराबाहेर बदलणं, जेवणाआधी साबणाने हात, आणि रक्तातल्या शिशाची तपासणी. बोटातून घेतलेला थेंब हातावरच्या धुळीने चुकीचा जास्त येऊ शकतो, शिरेतून घेतलेल्या रक्तावर खात्री करावी. सुरक्षित अशी पातळी कुठलीच नाही. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ४५ किंवा जास्त आलं तर दवाखान्यातले उपचार लागतात, तिथे लाडवांचं काम नाही.

ताजी भाजी पिशवीत टिकत नाही, त्यासाठी आठवड्याला एक अशा चिठ्ठ्या बऱ्या पडतात. गल्लीतल्याच भाजीवालीशी बोलून ठेवावं: एका चिठ्ठीला एक जुडी मेथी किंवा शेवग्याचा पाला, चार लिंबं किंवा अर्धा किलो पेरू. पालक, बटाटे, कांदे या चिठ्ठीवर नाहीत. चिठ्ठीच्या मागे तारीख आणि आठवड्याची मुदत लिहावी, नाहीतर महिनाअखेरीला चारही चिठ्ठ्या एकदम येतात आणि भाजीवालीकडे तेवढ्या जुड्या नसतात.